गोळी न लागलेली मुलं

१. रक्त न सांडता

टीव्हीवर युद्धाच्या बातम्या लागल्या, की जळगाव-धुळ्याकडच्या घरांतही एक प्रश्न येतोच. पडद्यावर डोळे खोल गेलेलं, बरगड्या दिसणारं एखादं मूल असतं. कुठं जखम नाही, पट्टी नाही. घरातलं पोरगं विचारतं, "याला काय लागलंय?" मोठ्या माणसांच्या मनातही तेच असतं, फक्त जरा वेगळ्या शब्दांत: गोळी लागली नाही, घरावर बॉम्ब पडला नाही, मग हे आजारपण युद्धाचं कसं?

प्रश्न अगदी रास्त आहे. युद्ध म्हटलं की आपण रणगाडे आणि विमानं पाहतो. पण युद्धानं पोखरलेल्या प्रदेशात मुलांच्या जिवावर उठणाऱ्या गोष्टी बहुधा फार साध्या असतात: अन्न संपणं, पाणी घाण होणं, अंगावरचे कपडे महिनोन्‌महिने न बदलणं, लस न मिळणं आणि आई हरवणं. ऑगस्ट २०२४ मध्ये गाझात दहा महिन्यांच्या एका बाळाला पोलिओनं लुळेपणा आला. तिथं पंचवीस वर्षांत पोलिओचा एकही रुग्ण सापडला नव्हता. विषाणू कुठल्याही बाजूनं लढत नव्हता. सांडपाणी तुंबलं, लसीकरण खंडित झालं आणि त्याला वाट मिळाली.

हे सगळं नीट समजून घ्यायला आपल्या महाराष्ट्रातच एक उदाहरण आहे. दुसऱ्या महायुद्धात पोलंडची हजारो माणसं, त्यांत मुलंच मुलं, कोल्हापूरजवळच्या वळिवडे गावी येऊन राहिली. ती भारतात पोचेपर्यंत त्यांच्या शरीरांतून युद्ध कसं गेलं होतं, ते एकेक टप्प्यानं पाहू.

२. वळिवड्याला येण्याआधी

सप्टेंबर १९३९ मध्ये पोलंडवर पश्चिमेकडून जर्मनीनं आणि पूर्वेकडून सोव्हिएत रशियानं हल्ला केला. रशियाच्या ताब्यात गेलेल्या पूर्व भागातून १० फेब्रुवारी १९४० पासून लाखो लोकांना उचलून नेण्यात आलं. रात्री दार वाजायचं, सामान बांधायला थोडा वेळ मिळायचा, मग मालगाडीचे डबे. काहींना सैबेरियात लाकूडतोडीला, काहींना कझाकस्तानात शेतावर धाडलं. काम करील त्याच्या हिशेबानं पाव. मुलं काम करू शकत नव्हती.

जून १९४१ मध्ये हिटलर रशियावरच उलटला, तेव्हा चित्र पालटलं. ३० जुलै १९४१ रोजी लंडनमधलं पोलंडचं परागंदा सरकार आणि रशिया यांच्यात करार झाला. पोलिश लोकांना सोडायचं आणि जनरल अँडर्स यांच्या हाताखाली त्यांची फौज उभी करायची, असं ठरलं. फौजेच्या आशेनं माणसं हजारो किलोमीटर दक्षिणेकडे उझबेकिस्तानापर्यंत आली. १९४२ साली, मार्च-एप्रिलमध्ये आणि पुन्हा ऑगस्टमध्ये, एक लाखाहून जास्त सैनिक, बायका आणि मुलं कास्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरावर उतरली. काही मुलं मात्र अश्गाबादहून ट्रकनं, मशहदमार्गे, वाळवंट तुडवत क्वेट्ट्याला आणि तिथून मुंबईला पोचली. त्यांची पहिली तुकडी १९४२ च्या एप्रिलमध्ये मुंबईत आली आणि वांद्र्याला राहिली.

इतिहास एवढा पुरे. आता शरीराकडे वळू.

३. भूक आत काय करते

जेवण चुकलं की शरीर आधी यकृतात साठवलेली साखर वापरतं. ती जेमतेम एक दिवस पुरते. लहान मुलाला त्याहूनही कमी. मग चरबी वितळू लागते. चरबी संपत आली की स्नायूंची पाळी येते. हृदय हाही स्नायूच आहे, हे इथं लक्षात ठेवायला हवं.

वाढत्या मुलाच्या शरीराला एक कठोर निवड करावी लागते. उपलब्ध इंधन मेंदू आणि हृदय यांच्यासाठी राखायचं आणि बाकीची कामं थांबवायची. उंची वाढायची थांबते. कातडी पातळ होते, केस विरळ होतात. मूल खेळायचं सोडतं, मग रडायचंही सोडतं. पुष्कळांना वाटतं, शांत झालं, बरं वाटत असेल. खरं तर रडण्यापुरतीही शक्ती उरलेली नसते. आतड्याचं अस्तर झिजतं, त्यामुळे मिळालेलं थोडं अन्नही नीट पचत नाही, जुलाब लागतात आणि ताकद आणखी ढासळते. रोगाशी लढणाऱ्या पेशीही प्रथिनांवरच जगतात. त्या घटल्या की एरवी आठ-दहा दिवसांत बरा होणारा गोवर जिवावर बेततो.

कझाकस्तानातल्या पोलिश लोकांच्या आठवणींत रातांधळेपणा पुन्हा पुन्हा येतो. डोळ्याच्या पडद्यावर अंधुक उजेड टिपणारं एक रंगद्रव्य असतं आणि ते बनायला अ जीवनसत्त्व लागतं. दूध, लोणी, अंडी, यकृत, पालेभाज्या यांतून ते मिळतं. हे काहीच ताटात नसलं, की यकृतातला साठा काही महिन्यांत आटतो. दिवसा धडधाकट पाहणारं मूल सूर्य बुडाला की चाचपडू लागतं. हेच जीवनसत्त्व श्वासनलिका आणि आतडी यांचं अस्तरही राखतं. म्हणून रातांधळं झालेलं मूल न्यूमोनियाला आणि जुलाबालाही लवकर बळी पडतं. डोळा फक्त आधी बोलून दाखवतो.

भुकेचा हा सगळा अभ्यास ज्यांनी सर्वांत जवळून केला, ते डॉक्टरही पोलंडचेच होते. वॉर्सा शहरातल्या ज्यूंच्या कोंडवाड्यात १९४२ साली इस्राएल मिलेयकोव्स्की यांच्या पुढाकारानं काही ज्यू डॉक्टरांनी उपाशी रुग्णांच्या नोंदी ठेवल्या. ते स्वतःही उपाशीच होते. त्यांच्यापैकी बहुतेक युद्धात मारले गेले. हस्तलिखित तेवढं बाहेर निघालं आणि १९४६ मध्ये छापलं गेलं. त्याच कोंडवाड्यात १८ जुलै १९४२ रोजी डॉक्टर यानूश कोर्चाक यांच्या अनाथाश्रमातल्या मुलांनी रवींद्रनाथांचं 'डाकघर' हे नाटक केलं होतं. खोलीतच अडकून पडलेल्या आजारी अमलची ती गोष्ट. तीन आठवडे उलटायच्या आत कोर्चाक आणि ती मुलं ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत नेली गेली. रवींद्रनाथांचं नाटक आपण वाचतो, तेव्हा ते कुणी, कुठं, कोणत्या भुकेत वठवलं होतं हेही आपल्याला ठाऊक असायला हवं, असं मला फार मनापासून वाटतं.

४. शिवणीत राहणारी ऊ

उझबेकिस्तानात जमलेल्या गर्दीत टायफस पसरला. आपल्याकडचा टायफॉइड म्हणजे विषमज्वर घाण पाण्यातून येतो; टायफसचा त्याच्याशी काही संबंध नाही. टायफस येतो उवांतून. त्याही डोक्यातल्या नव्हेत, कपड्यांच्या शिवणीत राहणाऱ्या उवांतून. हे फ्रेंच शास्त्रज्ञ शार्ल निकोल यांनी १९०९ साली ट्युनिसमध्ये दाखवलं. दवाखान्यात आंघोळ घालून, कपडे बदलून आत घेतलेल्या रुग्णांपासून कुणालाच लागण होत नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं.

ऊ चावते, पण जंतू तिच्या विष्ठेत असतात. माणूस खाजवतो, कातडीला बारीक ओरखडा पडतो आणि जंतू आत शिरतात. दहा-बारा दिवसांनी जोराचा ताप, असह्य डोकेदुखी, अंगावर पुरळ, मग बडबड आणि भ्रम. रोग्याच्या अंगाला ताप चढला की उवांना ती उष्णता सोसत नाही, त्या शेजारच्या थंड अंगावर जातात. थंडीत एकाच घोंगडीखाली दाटीवाटीनं झोपलेली माणसं असली की आणखी काय हवं? त्या काळी या रोगावर औषध नव्हतं. शंभर रोग्यांतले दहापासून चाळीसपर्यंत दगावत.

इथं एक गोष्ट अशी आहे, की ती कळल्याशिवाय वळिवड्याच्या मुलांची कहाणी उलगडत नाही. टायफस वयानुसार क्रूर होत जातो. लहान मुलांना तो बहुधा सौम्य येतो, चाळिशीपुढच्यांना भारी पडतो. त्यात आयांनी आपल्या वाट्याचा पाव मुलांना देऊन स्वतःला आधीच कमकुवत केलेलं. म्हणजे एका खोलीत ताप आला, तर मूल उठून बसायचं आणि आई जायची. पोलिश अनाथाश्रम इतके का भरले, याचं एक मोठं कारण या उवेत आहे.

टायफसची पहिली चांगली लस ल्वूफ या शहरात तयार झाली होती, तेही तेव्हाच्या पूर्व पोलंडमध्येच. रुडॉल्फ वाइग्ल हे शास्त्रज्ञ उवांना टायफसची लागण करून त्यांच्या आतड्यांपासून लस बनवत. उवा पोसायला माणसांचं रक्त लागे. युद्धाच्या काळात विद्यार्थी आणि प्राध्यापक आपल्या पायाला उवांच्या छोट्या डब्या बांधून बसत. मोठे गणिती स्टेफान बानाख त्यांतलेच एक. ज्या मुलखानं टायफसवर लस दिली, त्याच मुलखातली माणसं लसीपासून तोडून उवांच्या स्वाधीन केली गेली. युद्धात असंही घडतं. ज्ञान असतं, पण ते ज्याला हवं त्याच्यापर्यंत पोचत नाही.

५. पोटभर जेवणाचा धोका

पहलवीच्या किनाऱ्यावर उतरलेल्यांचे कपडे जाळण्यात आले. मुलींचे केसही भादरले गेले. आंघोळ झालेल्यांचा तळ वेगळा, न झालेल्यांचा वेगळा. उवांचा प्रश्न असा सुटला. मग जेवण आलं. ब्रिटिश लष्कराकडे होतं ते त्यांनी दिलं: मटणाचा तेलकट रस्सा, डबाबंद मांस. दीड-दोन वर्षं उपाशी राहिलेल्या माणसांनी ते अधाशासारखं खाल्लं आणि अनेक जण त्यानंच गेले. पहलवीत पोलिश लोकांची सहाशेहून जास्त थडगी आहेत. रोगांनी मेलेले त्यांत पुष्कळ, पण या जेवणानं गेलेलेही आहेत.

हे आपल्याला पटायला जड जातं. भुकेल्याला पोटभर वाढावं, ही तर आपली रीत. दारी उपाशी आला तर खान्देशातली बाई भाकरीवर भरताचा मोठा गोळाच ठेवील. मग घात कुठं होतो?

विझत आलेल्या चुलीवर कुणी ओंडका ठेवत नाही. आधी वाळक्या पऱ्हाटीची एक काडी, ती धरली की दुसरी. एकदम जाड लाकूड टाकलं तर निखाराही गुदमरतो. उपाशी शरीराची आग अशीच मंदावलेली असते. महिनोन्‌महिने ते स्वतःची चरबी आणि स्नायू जाळत आलेलं. अचानक भरपूर अन्न आलं, की रक्तात साखर वाढते आणि तिच्यामागोमाग इन्सुलिन. इन्सुलिन साखरेला पेशींत ढकलतं आणि जाताना रक्तातले फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम हे क्षारही आत ओढून नेतं. उपाशी माणसाच्या शरीरात या क्षारांचा साठा आधीच तळाला गेलेला. रक्तात ते एकाएकी इतके उतरतात, की हृदयाचे ठोके चुकू लागतात, श्वासाचे स्नायू थकतात. वजन वाढायला लागण्याआधीच माणूस दगावतो. झिजलेल्या आतड्याला तेलतूप न पचल्यानं होणारे जुलाब ते वेगळेच.

६. आजारी मुलाचा धीर

मुलाच्या धैर्याच्या गोष्टी सांगताना आपण त्याला लढवय्या बनवून टाकतो. मला ते योग्य वाटत नाही. सहा वर्षांचं पोर कुणाशी लढत नव्हतं. त्याचा धीर फार लहान लहान कामांत होता, आणि ती कामं त्या अवस्थेत किती अवघड होती हे वरचं सगळं वाचल्यावर तुम्हाला कळेल.

उदाहरणार्थ, धाकट्याला सांभाळणं. आई दवाखान्यात गेली आणि परत आली नाही, की आठ-दहा वर्षांचं भावंड घरातलं कर्तं होई. कित्येक आयांनी मुलं जगावीत म्हणून त्यांना अनाथाश्रमाच्या हवाली केलं, कारण अनाथ मुलांना आधी देशाबाहेर काढत होते. आई जिवंत असताना अनाथांच्या रांगेत उभं राहायचं, रडायचं नाही, धाकट्याचा हात सोडायचा नाही.

किंवा खाणं लपवून ठेवायचं थांबवणं. पोलिश अनाथाश्रमांत मुलं उशीखाली, गादीखाली पावाचे तुकडे लपवत, आणि बऱ्याच दिवसांनीही ती सवय सुटत नसे. उद्या पुन्हा पाव मिळेल, यावर विश्वास ठेवायचा, ही त्या मुलांसाठी सोपी गोष्ट नव्हती. ज्यांना मोठ्यांच्या जगानं एकदा पूर्ण फसवलं होतं, त्यांनी पुन्हा एखाद्या मोठ्या माणसाच्या हातून औषध घ्यायचं होतं.

अश्गाबादहून मुंबईला आलेल्या अनाथ मुलांसोबत हांका ऑर्डोनूव्हना होत्या. युद्धाआधी त्या पोलंडच्या फार लोकप्रिय गायिका आणि अभिनेत्री. त्यांची स्वतःची फुफ्फुसं क्षयानं पोखरलेली होती. त्या मुलांवर त्यांनी पुढं एक पुस्तक लिहिलं. १९५० साली बैरूतमध्ये त्या वारल्या. मुंबईत या मुलांची व्यवस्था पोलंडचे वाणिज्यदूत एउगेनियूश बानासिन्स्की आणि त्यांच्या पत्नी किरा यांनी पाहिली. किराबाई पुढं भारतातच राहिल्या.

वांद्र्याहून ही मुलं जामनगरजवळ बालाचडी इथं गेली. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी तिथं त्यांच्यासाठी वसाहत उभारली होती. तिथली एक हकिगत प्रसिद्ध आहे. ताटात सतत पालक येतो म्हणून मुलांनी जेवणावर बहिष्कार घातला. जामसाहेबांना कळल्यावर त्यांनी आचाऱ्याला पालक करायचाच नाही, असा हुकूम दिला. वैद्यकाच्या नजरेनं पाहिलं तर ही फार मोठी बातमी आहे. उपाशी मूल काहीही खातं. नको म्हणणारं मूल बरं झालेलं असतं.

७. वळिवडे आणि पाचगणी

वळिवड्याची छावणी १९४३ साली सुरू झाली आणि तिथं, मुख्यतः इराणमार्गे आलेले, सुमारे पाच हजार पोलिश लोक राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. कौलारू बराकी, बांबूच्या चटयांच्या भिंती, प्रत्येक कुटुंबाला खोली, स्वयंपाकाची जागा आणि व्हरांडा. दवाखाना, शाळा, चर्च, नाटकघर, स्काउटची पथकं. खर्च पोलंडच्या परागंदा सरकारचा.

वैद्यकाच्या दृष्टीनं मला त्यातली स्वतंत्र चूल सगळ्यांत मोलाची वाटते. भुकेतून उठणाऱ्या मुलाला दिवसातून तीनदा भरपेट जेवणापेक्षा सारखं थोडं थोडं लागतं, आणि तेही ओळखीच्या चवीचं. सार्वजनिक भटारखान्यातून हे जमत नाही. आई, मावशी किंवा शेजारीण घरच्या चुलीवर ते करू शकते. शाळेची वेळ, प्रार्थनेची वेळ, नाटकाची तालीम यांनी दिवसाला पुन्हा आकार आला. झोप परतली, भूक परतली.

ज्यांच्या फुफ्फुसांना क्षयाचा धोका होता, अशा मुलांसाठी पाचगणीला वेगळी सोय होती. क्षयाचे जंतू पुष्कळांच्या शरीरात दबून असतात. कुपोषणानं पहारा ढिला पडला की ते उठतात. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये नुकतंच सापडलं होतं, इकडच्या रुग्णाला ते मिळणं अजून दूर होतं. विश्रांती, सकस अन्न आणि सह्याद्रीच्या माथ्यावरची कोरडी हवा हाच उपचार. काही जण वाचले नाहीत. कोल्हापुरात पोलिश थडगी आहेत.

१९४८ पर्यंत छावणी रिकामी झाली. कुणी इंग्लंडला, कुणी ऑस्ट्रेलियाला, कुणी पोलंडला परतलं. त्या बराकींत फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांना आसरा मिळाला. आज कापडाच्या घाऊक बाजारासाठी ओळखलं जाणारं गांधीनगर ते हेच. सप्टेंबर २०१९ मध्ये वळिवड्यात लहानपण काढलेले काही जण, आता आजी-आजोबा झालेले, पुन्हा कोल्हापूरला येऊन गेले.

८. एक गणित, सातपुड्याच्या पायथ्याचं

पहलवीच्या किनाऱ्यावर जे कळलं नव्हतं, ते आज धुळे-नंदुरबारच्या पोषण पुनर्वसन केंद्रात रोज पाळलं जातं. धडगाव, अक्कलकुव्यापासून शिरपूर, चोपडा, यावल, रावेरच्या पाड्यांपर्यंत, सातपुड्याच्या कुशीत कुपोषण आहे. इथं युद्ध नाही. गरिबी आहे, कामासाठी स्थलांतर आहे. शरीराला मात्र उपासमारीचं कारण कळत नाही. आत घडतं ते तेच.

समजा, दोन वर्षांचं मूल आहे आणि वजन फक्त ६ किलो. या वयाला साधारण १२ किलो अपेक्षित. त्याला सुरुवातीला 'एफ-७५' नावाचं खास दूध देतात. १०० मिलिलिटरमध्ये ७५ कॅलरी, प्रथिनं मुद्दाम कमी, क्षार मोजून घातलेले. प्रमाण दर किलोला दिवसाला १३० मिलिलिटर. म्हणजे ६ गुणिले १३०, ७८० मिलिलिटर. हे दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, बारा वेळा वाटायचं: एका वेळी ६५ मिलिलिटर. दिवसभरात ५८५ कॅलरी, बस. आईला वाटतं, एवढ्यानं काय होणार? मूल हात पुढं करून आणखी मागतं आणि ते नाकारताना तिचा जीव तुटतो. तिला कारण समजावून सांगणं हा उपचाराचाच भाग आहे. ते सांगितलं नाही, तर ती मुलाला उचलून घरी जाते, आणि त्यात तिची चूक नाही.

काही दिवसांत, सूज असेल तर ती उतरू लागते, भूक नीट लागते. मग 'एफ-१००', म्हणजे १०० मिलिलिटरला १०० कॅलरी. आता हळूहळू वाढवत दर किलोला २०० मिलिलिटर दिलं, तर तेच मूल दिवसाला १२०० कॅलरी घेतं, पहिल्या दिवसाच्या दुपटीहून जास्त, आणि त्याचं हृदय ते पेलतं.

कोणत्या मुलाला या केंद्रात न्यायचं, हे ओळखायला अंगणवाडी ताईंकडे दंडघेर मोजायची रंगीत पट्टी असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा डावा दंड, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मधोमध, हात सैल सोडून मोजायचा. १२.५ सेंटिमीटरच्या वर हिरवा रंग. ११.५ ते १२.५ पिवळा, म्हणजे मध्यम कुपोषण. ११.५ च्या खाली लाल, म्हणजे तीव्र कुपोषण. शिवाय दोन्ही पावलांवर अंगठ्यानं तीन सेकंद दाबून पाहायचं. अंगठा काढल्यावर दोन्हीकडे खळगा तसाच राहिला, तर दंड कितीही भरो, तेही तीव्र कुपोषणच. लाल पट्टी असलेलं मूल हुशारीनं खात असेल आणि ताप, जुलाब, सूज नसेल, तर गावातल्या ग्राम बाल विकास केंद्रातच त्याला सावरता येतं. खात नसेल, मलूल असेल किंवा सूज असेल, तर त्याच दिवशी पुनर्वसन केंद्रात न्यायचं, आणि वाटेत त्याला घोट घोट पाजत, अंगाशी धरून, ऊब देत न्यायचं, कारण अशा मुलाची साखर आणि अंगाची उष्णता दोन्ही प्रवासात झपाट्यानं उतरतात.